लखूच्या कोनातली मरळ

सावरटोल्याच्या तलावावर थंडीत पाखरं बघायला माणसं येतात. दुर्बिणी लावून पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, उभी राहतात, बदकं मोजतात, डबे उघडून जेवतात. तलाव मोठा आहे. सकाळच्या उन्हात मासे धरणाऱ्या ढीवरांचे डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, त्यावर सगळीकडे पसरलेले दिसतात. एकच जागा मोकळी असते. उगवतीच्या अंगाला, जिथे पाळ वळण घेते, तिथल्या कोपऱ्यात ना डोंगा जातो ना जाळं पडतं. कमळाची पानं दाट असतात आणि पाणी मुकाट असतं.

नवखा माणूस हमखास विचारतो, तिथे खोल आहे का? मगर आहे का?

पाळीवर पांडोबा वलथरे बसलेले असतात. ढीवरांच्या मच्छीमार सोसायटीतले सगळ्यांत जुने ते. आता नजर मंद झाली आहे, पण पाण्यावरून वारा कुठून येतो ते मान न वळवता सांगतात. ते म्हणतात, "खोल म्हणाल तर मधातच जास्त हाय. तो लखूचा कोन. तिथली मरळ खात नाहीत. ती जखमेची मरळ."

मग ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात आणि आपल्या बापाकडून ऐकलेलं सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. त्या वेळी गावाचा पाटील होता डोमाजी कापगते. पाणी कुठे अडवावं आणि कुठून सोडावं हे त्याला जमीन पाहूनच कळायचं, असं सांगतात. त्याने नाल्यावर पाळ घालायला घेतली. आसपासच्या टोल्यांतून, लहान वस्त्यांतून, माणसं खपली, बैल खपले, टोपल्यांनी माती वाहून पाळ उभी राहिली. पण पहिल्याच पावसाळ्यात उगवतीच्या कोपऱ्यात ती फुटली. खालची धानाची शेतं वाहून गेली, आणि पाण्यासोबत लखू नावाचा ढीवर गेला. त्याचं प्रेतही सापडलं नाही.

पाळ का फुटली? डोमाजीने गावाला सांगितलं की लखूने मासे काढायच्या लोभाने तुडूम उचकटलं. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातून पाणी सोडायची वाट. तिचं लाकडी बूच काढून त्याने तिथे जाळं लावलं, पाण्याला जोर आला आणि पाळ गेली. ज्यांची शेतं वाहून गेली होती त्यांना कोणीतरी हवंच होतं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही. ढीवरांचे डोंगे काढून घेतले, त्यांना नाल्याच्या पलीकडे हाकललं. गावात लखूचं नाव निघालं की लोक थुंकायचे.

त्याची बायको कौतिका मात्र गेली नाही. पाळीच्या खाली तिने पळसाच्या फांद्यांची खोपी केली आणि तिथेच राहिली. कोणी विचारलं तर सांगायची, "माहा मानूस इथं हाय. मी कुठं जाऊ?"

पुढच्या उन्हाळ्यात पाळ पुन्हा बांधली. या वेळी दगड घालून बांधली. पाऊस आला, तलाव धरू लागला. पाणी चढेल तसा डोमाजी रोज पाळीवर जाऊन पाही. एके दिवशी उगवतीच्या कोपऱ्यात तो दगडांच्या ढिगावर चढला आणि ढीग सुटला. हाड वाचलं, पण गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पायाची कातडी सोलून निघाली.

डोमाजीची बायको बिरजा. अंगाने बारीक, बोलायला कमी, पण घरातली सुई कुठे आहे ते तिला ठाऊक असायचं. लांबच्या गावाहून वैद्य आणला. त्याने पाला वाटून बांधला, मध लावला, तूप लावलं. जखम भरेना. वरून खपली धरायची, आणि आतून पुन्हा ओल फुटायची. मग ताप चढला. वैद्याने एक दिवस हात धुतले, आपली पिशवी उचलली आणि "आता देवाच्या मनात असेल ते" म्हणून निघून गेला.

तापात डोमाजी बडबडायचा. बिरजा उशाशी बसलेली असायची, आणि तिच्याशिवाय ते कोणी ऐकलं नाही. तो म्हणायचा, "लखू, उतर. मी सांगतो ना, उतर. बूच अटकलं, त्याले हलव." आणि थोड्या वेळाने, "वर ये ना गा. काहून येत नाहीस?"

पहिल्यांदा बिरजाला वाटलं, ताप बोलतोय. दुसऱ्यांदा तिने उठून दार लावलं.

आणि नेमकी त्याच दिवसांत कौतिका दाराशी आली.

तिच्या हातात मातीचं गाडगं होतं, गाडग्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. अंगणाच्या कडेला थांबून तिने हाक मारली, "पाटलीनबाई, पाटलाच्या पायाले औषद आनलं."

डोमाजीचा धाकटा भाऊ उरकुडा ओसरीवर बसला होता. तो आधी उठला. "कोनं तुले बोलावलं?"

"कोनी नाई."

"मग जा."

बिरजा आतून बाहेर आली. गाडग्यातून मासळीचा वास येत होता, उकडलेल्या, पाणी न घातलेल्या मासळीचा. तिने विचारलं, "काय हाय त्याच्यात?"

"मरळ हाय. बिनपान्यानं शिजवून तिच्या अंगचा रस काढला. आमच्यात जखमेले हेच लावतात. पोटातही देतात. वरून तिची कातडी बांधतात."

"मरळ कुठून आनली?"

कौतिका काही बोलली नाही. तलाव नवा होता, त्यात बीज वाढावं म्हणून डोमाजीनेच मासेमारीला बंदी केली होती. बिरजाने ते न बोलणं मनात नोंदवून ठेवलं.

"तुहा मानूस पाटलाच्या पाळीत मेला," ती म्हणाली. "आन् तू त्याले औषद आनतेस. काहून?"

कौतिकाने तिच्याकडे सरळ पाहिलं. म्हणाली, "मले तो जिता पाहिजे."

सांगतात की बिरजा त्या शब्दांवरच अडली. जिवंत पाहिजे, पण कशाला? जी गोष्ट तिला उशाशी बसून कळली होती ती या बाईला आधीपासून ठाऊक असली तर? लखू कोणाच्या सांगण्यावरून उतरला, हे नवऱ्याने बायकोला जाताना सांगितलं नसेल कशावरून? आणि ठाऊक असूनही जी बाई आरडाओरडा न करता पाळीखाली वर्षभर गप्प बसते, ती औषध घेऊन येते तेव्हा त्या औषधात काय असेल?

"आधी तू पी," बिरजा म्हणाली.

कौतिकाने फडकं सोडलं, गाडगं तोंडाला लावलं आणि घोट घेतला. तोंड पुसून गाडगं पायरीवर ठेवलं. मग दोन्ही तळवे पुढे केले. माशांच्या काट्यांनी, दोरीने, शिंपल्यांनी कापलेले हात, पण एकही जखम उघडी नव्हती. सगळीकडे बारीक, पांढऱ्या रेषा.

उरकुडा म्हणाला, "वहिनी, तिचं काय जाते? तिच्या मागं कोन हाय? इख पिऊन मरायलेही ती तयार असन."

बिरजाच्या मनात तेच आलं होतं. जिचं काही उरलं नाही ती स्वतःवर घेऊन दाखवते, यातून काय सिद्ध होतं? पण आत डोमाजी कण्हत होता. वैद्य गेला होता. तिने गाडगं उचललं.

"तू रोज येऊन स्वतः लावायचं," ती म्हणाली, "माह्या डोळ्यांपुढं. आन् प्रत्येक वेळी आधी तू प्यायचं."

तसं सुरू झालं. कौतिका यायची, घोट घ्यायची, मग डोमाजीच्या पायाशी बसायची. कोमट पाण्याने जखम धुवायची, कापसाने रस सोडायची. मग मरळीची कातडी जखमेवर पसरायची, आतली बाजू मांसाला, खवले वर. ती कातडी तिने मिठाच्या पाण्यात धुऊन हळदीत ठेवलेली असायची. बिरजा समोर बसून तिची बोटं पाहायची. बोटं कुठे थांबतात, पदराकडे जातात का, ओठ हलतात का. कौतिका मान वर करायची नाही. डोमाजी शुद्धीत असला तर भिंतीकडे तोंड फिरवायचा. त्याने तिला एकदाही "बस" म्हटलं नाही की "जा" म्हटलं नाही. बिरजाने तेही पाहिलं.

गावात वेगळंच उठलं. कोणीतरी खिडकीतून डोकावून गेलं असावं. पाटलाच्या पायाला खवले फुटले, म्हणे. गुडघ्याखाली पाटील मासोळी झाला. ढीवरीण त्याला हळूहळू पाण्याचा करतेय, एक दिवस तो आपल्या पायाने तलावात चालत जाईल. विहिरीवरच्या बाया बिरजाला पाहून बोलणं थांबवू लागल्या. आणि जखमही काही लगेच सुधारली नाही. उलट जुनी काळी खपली सुटून आली, खाली लालभडक ओलं मांस दिसू लागलं, घरभर वास सुटला. उरकुडा रोज म्हणायचा, "वहिनी, हे बरं होनं नाही. ती त्याले आतून सडवते."

"कौतिका म्हनते, सडलेलं निघाल्याबिगर नवं धरत नाही."

"ती म्हनते!"

मग बिरजाने ठरवलं की मासळी येते कुठून ते आपण पाहायचं.

एका सकाळी ती कौतिकाच्या मागून गेली. कौतिका पाळ चढून उगवतीच्या कोपऱ्यात गेली, जिथे लखू गेला होता तिथेच. बिरजा सागाच्या आडोशाला उभी राहिली. कौतिका गुडघाभर पाण्यात उतरली. जाळं नव्हतं, गळ नव्हता. ती कमळाच्या पानांखाली हात घालून हळूहळू चाचपत होती, जसं अंधाऱ्या खोलीत ठेवलेली वस्तू माणूस शोधतो. थोड्या वेळाने तिने हात वर काढला. त्यात काळीभोर, हातभर लांब मरळ होती. तिने ती पाहिली आणि परत पाण्यात सोडली. दुसरी धरली, ती मात्र टोपलीत टाकली. बिरजाला वाटलं, ही निवडते. कशासाठी निवडते?

मग कौतिका वाकून पाण्याशी बोलू लागली. आवाज हळू होता, पण पाण्यावरून तो नीट येत होता.

"थोडा दम धर. आता उठते तो. पाय धरून राहिला त्याचा. उठला का आनते तुह्यापुढं. इथंच उभा करते."

बिरजा कशी घरी आली ते तिचं तिलाच कळलं नाही, असं सांगतात. तिला आता सगळं लख्ख दिसत होतं. बाई आपल्या नवऱ्यासाठी नवस फेडत होती. खंगलेला, सडका माणूस पाण्याला चालत नसेल. म्हणून आधी बरा करायचा, पायावर उभा करायचा, आणि मग त्याच कोपऱ्यात नेऊन द्यायचा. गावातल्या बाया वेड्या नव्हत्या.

कौतिका गाडगं घेऊन आली तेव्हा दार बंद होतं. बिरजाने आतूनच सांगितलं, "आता नको. जा."

"अर्ध्यात सोडू नका, पाटलीनबाई. नवं मांस धरून राहिलं."

"जा म्हनते ना!"

उरकुडाने बाहेर येऊन गाडगं लाथाडलं. फुटलेल्या खापरांतून रस अंगणात पसरला. कौतिका खाली बसली, त्यातली मरळीची कातडी तेवढी उचलून धुळीतून झटकली आणि निघून गेली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. बिरजा फटीतून पाहत होती. तिला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर डोमाजीच्या पायाला पुन्हा पाला बांधला जाऊ लागला. काही दिवसांतच जे लाल होतं ते करडं पडलं. कडा सुकून फाटल्या. ताप परत आला, आणि तापासोबत बडबड. आता ती अर्धीमुर्धी नव्हती. डोमाजी स्वच्छ आवाजात बोलला, जणू पाळीवर उभा राहून पावसात ओरडतोय. "मी पाटील हाय, मी सांगतो. बूच अटकलं, पानी चढून राहिलं. उतर, लखू. दोर मी धरतो." आणि मग एकदम कुजबुजत, "दोर सुटला. माह्या हातून सुटला. कोनाले सांगू नका."

बिरजा हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाहेर दुपारचं ऊन होतं. शेजारी कोणीतरी धान कांडत होतं. इतके दिवस ती परक्या बाईच्या बोटांकडे पाहत होती. आपण ज्याच्या ताटात रोज वाढतो त्याच्या हातांकडे तिने पाहिलंच नव्हतं. हा माणूस लोकांना लखू चोर होता म्हणून सांगत होता, आणि त्या चोराच्या कमरेचा दोर याच्या हातात होता.

ती उठली आणि भर उन्हात पाळीखालच्या खोपीत गेली.

कौतिका चुलीपुढे बसली होती. बिरजा आत शिरली नाही, उंबऱ्यावरच उभी राहिली. म्हणाली, "तू पान्याशी बोलत होतीस ते मी ऐकलं. माह्या मानसाले तू कोनापुढं उभं करनार हायस?"

कौतिकाने वर पाहिलं. तिला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिच्या तोंडावर हसू येता येता राहिलं.

"लखूपुढं. आन् गावापुढं. दुसऱ्या कोनापुढं?"

"कशाले?"

"खरं सांगाले," ती म्हणाली. "लखू घरातून गेला तेव्हा जाळं खुंटीवर होतं. मी गावाले सांगितलं, जाळं इथं हाय, मग तो मासे कशात धरनार होता? ढीवराच्या बाईचं कोन ऐकते! त्याले बोलवाले पाटील सोता आला होता. आमच्या तवाच्या घरी, दारात. हे मले ठाऊक, पाटलाले ठाऊक. तिसरं कोनी नाही. आता पाटील मेला तर माहा मानूस कायमचा चोर ऱ्हायला. म्हनून मले तो जिता पाहिजे. माफी नाई केली मी त्याले, पाटलीनबाई. तसं काई मनात धरू नका."

बिरजा म्हणाली नाही की मलाही ठाऊक आहे. ती एवढंच म्हणाली, "पाय पुन्हा बिघडला."

"मले वाटलंच."

"येशील?"

कौतिकाने चुलीवरचं गाडगं दाखवलं. कणकेने तोंड लिंपलेलं, निखाऱ्यावर मंद शिजणारं. दार बंद झाल्यापासून ती रोज रस काढत होती आणि रोज ओतून देत होती. बिरजाने मधेच विचारलं, "तू एक मरळ सोडली होतीस. काहून?"

"तिच्याखाली पिल्लं होती. पिल्लांवर राखन बसलेली मरळ आम्ही धरत नाही."

या वेळी बिरजाने तिला घोट घ्यायला सांगितलं नाही. पण कौतिकाने घेतला, तिच्याकडे बघत घेतला. ते बिरजाला फार लागलं, असं सांगतात.

पाऊस सरता सरता डोमाजीचा पाय भरला. आधी कडांनी गुलाबी पातळ कातडी आत सरकू लागली, जसं तळ्यात कडेने शेवाळ सरकतं. मग मधली जागा मिटली. शेवटची मरळीची कातडी सुकून आपोआप गळून पडली तेव्हा खाली माणसाचीच कातडी होती, थोडी चकचकीत, केस नसलेली. विहिरीवरच्या बाया पाहून गेल्या आणि खवले नाहीत म्हणून जराशा हिरमुसल्या.

डोमाजी हिंडू लागला, जेवू लागला, उरकुडावर ओरडू लागला. बिरजा त्याच्याकडे पाहायची. वाट पाहायची. तो लखूचं नाव काढत नव्हता. एकदा तिनेच विचारलं, "तापात तुम्ही काहीबाही बोलत होते. आठवते का?"

"तापातलं कोनाले आठवते?" तो म्हणाला. पण घास हातातच राहिला होता, आणि ते तिने पाहिलं.

तलाव काठोकाठ भरला तेव्हा पूजा ठरली. सगळा गाव पाळीवर आला. नाल्यापलीकडून ढीवरही आले, लांब उभे राहिले. डोमाजी धुतलेलं धोतर नेसून, काठी न घेता, उगवतीच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेला. लोकांनी कौतुक केलं. बिरजाच्या हातात ओटीचं ताट होतं. तिने पाण्यात खण-नारळ सोडायचा, एवढ्यात कौतिका गर्दीतून पुढे आली.

ती मोठ्याने बोलली नाही. "पाटील," ती म्हणाली, "पाय बरा झाला. आता सांगा. लखू कोनाच्या सांगन्यानं उतरला?"

डोमाजीने पाण्याकडे पाहिलं, मग लोकांकडे. त्यांत ती माणसं होती ज्यांची शेतं वाहून गेली होती.

"मी त्या वेळी घरी होतो," तो म्हणाला. "पाळीवर काय झालं ते लखूले ठाऊक."

"बस झालं," उरकुडा पुढे सरसावला. "पूजेत रडगानं नको. हटवा हिले."

दोघांनी कौतिकाचे दंड धरले. तिने प्रतिकार केला नाही. ती डोमाजीकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता म्हणे, नुसतं थकलेपण होतं. एवढे दिवस वाकून ज्या पायावर रस सोडला, तो पाय तिच्यापुढे घट्ट उभा होता.

बिरजाने ताट खाली ठेवलं.

"सोडा तिले," ती म्हणाली. तिचा आवाज कोणी कधी एवढ्या लांब ऐकला नव्हता. "लखू आपल्या मनानं नाही उतरला. त्याले आमच्या मानसानं पाठवलं. बूच अटकलं होतं म्हनून पाठवलं. दोर यांच्या हातात होता आन् तो सुटला. मी ऐकलं. यांच्या तोंडून ऐकलं. लखू चोर नव्हता."

डोमाजी वळला. "बिरजे, तुले समजते का तू काय..."

"समजते. उशाशी मीच होते."

असं सांगतात की त्या क्षणी कोपऱ्यातलं पाणी तांबडं झालं. लोक मागे सरले. मग जवळच्यांनी पाहिलं, तर ती पिल्लं होती. मरळीची लालसर पिल्लं, हजारांनी, पानांखालून वर आलेली, आणि त्यांच्याखाली काळी सावली, राखण करणारी. ती थोडा वेळ काठाशी हलत राहिली आणि मग खाली गेली. पांडोबा हे सांगतात आणि पुढे म्हणतात, "त्या दिवसांत मरळीची पिल्लं वर येतातच. तेवढ्याच वेळी आली का नाही, ते आपण पाह्यलं नाही."

डोमाजीने कबूल केलं नाही, पण नाकारलंही नाही. काठावर बसला आणि बसूनच राहिला. ढीवरांना डोंगे परत मिळाले, तलावात मासेमारीचा हक्क मिळाला. तो कोपरा लखूच्या नावाने सोडला. कोणी म्हणतं डोमाजीला लाज वाटली, कोणी म्हणतं त्याला पाण्याची भीती बसली. तो पुढे पुष्कळ वर्षं जगला. पाय शेवटपर्यंत दुखला नाही. पण बायकोने दिलेलं पाणी तो आधी हुंगायचा आणि मग प्यायचा. बिरजा तांब्या पुढे ठेवून उभी राहायची आणि पाहायची. घरात तेवढं कायमचं राहिलं.

आणि कौतिका? ती खोपी सोडून नाल्यापलीकडे आपल्या माणसांत गेली. बिरजा तिच्याकडे कधी गेली की नाही, यावर गावात दोन मतं आहेत. मरळीचा रस काढायची रीत तिने आपल्या भाचीला दिली, तिने पुढे दिली. अजूनही वलथऱ्यांच्या एका घरात कोणी जखम घेऊन आला तर आधी त्याला सरकारी दवाखान्यात पाठवतात. टाके पडल्यावर, डॉक्टर हो म्हणाला तरच, मागाहून गाडगं चढतं. त्यासाठी मात्र लखूच्या कोनातलीच मरळ लागते, तीही हाताने धरलेली, आणि देणारी बाई आधी स्वतः घोट घेते.

पावसाळ्यानंतर तलावात पहिलं जाळं पडतं त्या सकाळी, आजही, कापगत्यांच्या घरातली सगळ्यांत मोठी बाई उगवतीच्या कोपऱ्यात येते. एका वर्षी ते घर बंद होतं, सगळे नागपूरला गेलेले. डोंगे दुपारपर्यंत तसेच थांबले. मग त्यांची सून मोटारीने आली, चपला काढून पाळीवर चढली. काय म्हणायचं ते तिला सासूने फोनवर सांगितलं होतं.

ती पाण्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "लखू आपल्या मनानं नाही उतरला. त्याले आमच्या मानसानं पाठवलं."

डोंग्यांतले ढीवर म्हणाले, "ऐकलं."

आणि मग जाळी पडली.